आतून कडी असलेली खोली

अण्णा,

तुम्ही नांदेडला माझ्या खोलीवर आलात तेव्हा मी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तुम्ही ते घेतलं नाही. अंगणात कडुलिंबाखाली उभेच राहिलात. उदगीरहून परळी, परळीहून पूर्णा, अशा दोन गाड्या बदलून आला होतात, शेरवानीवर इंजिनाची काजळी होती, ओठ कोरडे पडलेले दिसत होते, तरी तांब्याला हात लावला नाही. त्या दिवशी तुम्ही मला जे विचारलंत त्याचं उत्तर मी अर्धंच दिलं होतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. मी आता तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, त्यामुळं आज तुमच्याशी बरोबरीनं बोलायला हरकत नाही.

आधी तुमचं जे आहे ते तुम्हाला देते. मी तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा न्हाव्याला दारातून परत पाठवणारे तुम्ही होतात. तुम्ही मुन्सफीच्या कोर्टात पेशकार, सरकारी कारकून; देवळात, कचेरीत, पारावर लोकांनी तुम्हाला ऐकवलं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी कंदील पुसून मला उर्दूचं अलिफ-बे गिरवायला बसवत राहिलात. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "कशाला करून राहिलात हे? कुठं जायचंय तिला?" तुम्ही म्हणायचात, "जाईल की." मिडलच्या परीक्षेला मला लातूरला तुम्हीच घेऊन गेलात आणि पेपर सुटेपर्यंत दिवसभर बाहेर उन्हात बसून राहिलात. तालीमात खात्याचा, म्हणजे शिक्षणखात्याचा, हुकूम आला तो सगळ्या सरकारी कागदांसारखा उर्दूत होता. तुम्ही तो ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलात, शेजाऱ्यांना ऐकू जावा म्हणून. नेमणूक मुलींच्या सरकारी शाळेत, मुक्काम नांदेड. मी दाराआडून पाहत होते.

पण त्याच ओसरीवर, त्याच दुपारी, मी कुठं राहायचं हेही तुम्ही ठरवून टाकलंत. तुमचे मावसभाऊ नांदेडला नदीकाठच्या गल्लीत राहायचे. "घरच्यासारखं घर आहे," म्हणालात, "मला घोर नाही." मला कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

काकूंनी मला स्वयंपाकघरामागची कोठी दिली. ज्वारीची पोती, तेलाचे डबे, आणि त्यांच्यामध्ये एक घोंगडी टाकण्याएवढी जागा. खिडकी नव्हती. दाराला कडी होती ती बाहेरून. मी आतल्या कडीचं विचारलं तर काकू म्हणाल्या, "तुला आतून कशाला लागती कडी?" पहाटे उठून सोवळ्यानं सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, मग शाळा. सकाळी काका कामावर निघेपर्यंत ओसरीवर दिसायचं नाही. हे सगळं मी धरून चालले होते, अण्णा. मी काही लाडात वाढलेली नव्हते. पंधरा दिवस मी तसेच काढले.

मग एका जुम्म्याच्या, शुक्रवारच्या, सुट्टीला काकूंकडं हळदीकुंकू होतं. दुपारी बायका यायच्या वेळेला काकू कोठीच्या दाराशी आल्या. "दोन घटका आत बस," म्हणाल्या, "कुणाच्या समोर येऊ नको." मी आत गेले. मी दार ओढून घेणारच होते, तेवढ्यात त्यांनी बाहेरून कडी घातली. मी पोत्यावर बसले. भिंतीपलीकडं बायका हसत होत्या, उखाणे घेत होत्या, बांगड्या वाजत होत्या. आदल्या दिवशी मी चाळीस मुलींना पाढे शिकवले होते. माझ्या ट्रंकेत सरकारी शिक्क्याचा हुकूम होता, त्यावर माझं नाव होतं, आणि मी ज्वारीच्या पोत्यावर कोंडलेली होते. दार उघडलं तेव्हा काकू सहज म्हणाल्या, "चल, भांडी पडलीत." मी भांडी घासली. घासता घासता ठरवलं की खोली बघायची.

शाळा सुटली की मी खोल्या बघत फिरू लागले. गंजात, धान्याच्या बाजारात, एका आडत्याच्या माडीवर एक चांगली खोली होती, दोन्ही बाजूंनी वारा. आडत्यानं विचारलं, "सोबत कोण हाय?" मी म्हणाले, कोणी नाही. "मग खोली न्हाई बाई," म्हणाला आणि हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. दुसरीकडं एका निवृत्त अहलकाराच्या, सरकारी कारकुनाच्या, बायकोनं मला आत बोलावलं, गूळ-पाणी दिलं, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग तिचं लक्ष माझ्या कपाळाकडं गेलं. ती म्हणाली, "आमच्या सुनेचे दिवस भरत आलेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मी वाईट वाटून घेतलं. रस्त्यानं चालताना घेतलं, आणि नदीवर पायरीवर बसूनही घेतलं.

शाळेतल्या एका बाईंनी मला सुईणीचं घर सांगितलं. सरकारी दवाखान्यातली सुईण, निजामाबादकडची तेलुगू बाई, ख्रिस्ती झालेली. सगळे तिला अम्मा म्हणत. उंच, काळी, हाताला कायम कार्बोलिकचा वास. तिनं मला अंगणातूनच नीट न्याहाळलं. तिची भाषा म्हणजे अर्धी दखनी, अर्धी मराठी. "रूम पहले देख ले," म्हणाली. खोली लहान होती, पण खिडकी होती, भिंतीला चुना नवा होता, आणि दाराला आतून जाड लोखंडी कडी होती. मी ती लावून पाहिली. काढली. पुन्हा लावली. बाहेरून अम्मा हसली. "तुझे लोक गप बसतील का गं?"

"नाही बसणार."

"फिर?"

"फिर काही नाही. मला खोली पाहिजे."

तिनं विहिरीचं पाणी काढलं, तांब्या माझ्यापुढं धरला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ती मला जोखत होती हे मला कळत होतं. मी पाणी प्याले. अर्धं लुगड्यावर सांडलं, पण प्याले. दुसऱ्या दिवशी हमालाकडून ट्रंक तिथं आणली. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अण्णाभावजींचं नाक कापलंस." काकांनी त्याच दिवशी तुम्हाला कार्ड टाकलं, आणि माझ्याविरुद्ध एक अर्जी शाळेकडंही दिली.

म्हणून तुम्ही आलात. अम्मा दवाखान्यात होती. तुम्ही अंगणाकडं, विहिरीकडं, भिंतीवरच्या क्रूसाकडं पाहिलंत.

"ही बाई कोण आहे, ठाऊक आहे तुला?"

"आहे."

"अन् तरी?"

"अण्णा, तिथं मला कोठीत घालून बाहेरून कडी लावली होती."

तुम्ही म्हणालात, "चार बायका आल्या होत्या. दोन घटका बसलीस तर काय झालं?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी ते सांगायला किती दिवस शब्द जुळवत होते, आणि तुम्हाला ते कार्डातच कळलं होतं आणि त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठी मी अख्ख्या उदगीरशी भांडलो." मी म्हणाले, "तुम्ही भांडलात म्हणून मला भांडता येतंय." तुम्ही "सामान बांध" म्हणालात. मी "नाही" म्हणाले. आयुष्यात तुम्हाला म्हटलेलं माझं ते पहिलंच "नाही" होतं. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि फाटकाबाहेर गेलात.

जे अर्धं उत्तर राहिलं ते आज देते. न्हाव्याला तुम्ही परत पाठवलंत, पण त्यानंतर माझ्या डोक्यावर हक्क तुमचा झाला असं तुम्हाला वाटलं. तुम्ही मला लिहायला शिकवलंत. मी काय लिहावं हे ठरवायला मात्र तुम्हाला स्वतःलाच बसायचं होतं. दोन घटका बसून काय झालं असतं? दर हळदीकुंकवाला बसावं लागलं असतं. जन्मभर बसले असते, आणि तुम्ही उदगीरला अभिमानानं सांगत राहिला असतात की माझी लेक नांदेडला सरकारी नोकरीत आहे. माझं चुकलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. मी ती खोली निवडली, आणि आज पुन्हा निवडायची वेळ आली तर तीच निवडीन.

अर्जीवरून शाळेत मुआयन्याला, तपासणीला, औरंगाबादहून एक मोठ्या बाई आल्या. बुरख्यात आल्या, बंद खोलीत बुरखा वर केला आणि समोर माझ्यावरच्या अर्जीचा कागद ठेवला. नोकरी जाते असं मला वाटलं. जिथं राहता त्या घरी पुरुष कोणी आहे का, त्यांनी उर्दूत विचारलं. नाही, मी म्हणाले. "दरवाज़े को अंदर से कड़ी है?" मी म्हणाले, "जी, है." त्यांनी कागदावर सही केली आणि विचारलं, चौथीच्या मुलींचा हिसाब इतका कच्चा का. अण्णा, तुम्ही शिकवलेल्या उर्दूत मी त्यांना त्याचंही उत्तर दिलं.

पुढं पोलीस ॲक्शनच्या आधीचे गडबडीचे दिवस आले. नांदेडातली कितीतरी घरं कुलपं लावून वऱ्हाडात निघून गेली, काकाही गेले. मी आणि अम्मा तिथंच राहिलो, कारण बायका त्या दिवसांतही बाळंत होत होत्या. त्याच दिवसांत तुम्ही तापानं गेलात. भावाचं कार्ड मला तेरावा होऊन गेल्यावर मिळालं. ते वाचून मी शाळेत गेले आणि तास घेतले. संध्याकाळी अम्मानं मला जवळ घेऊन बसवलं, ती काहीतरी तेलुगूत पुटपुटत होती, प्रार्थना असावी.

मागच्या आठवड्यात इथं लातूरला भावाचा मुलगा आला होता. त्याच्या लेकीला पुण्यात पहिली नोकरी लागली आहे आणि ती मामाकडं राहायला नाही म्हणते. "आत्या, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल," म्हणाला. मी तिला फोन लावला आणि सांगितलं, खोली बघायला जाशील तेव्हा आधी दार बघ. तो माझ्यावर रागावून गेला. जाऊ दे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. पाठवायला पत्ता असता तरी पाठवला नसता. फक्त एक गोष्ट मी अम्मालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर पडल्यावर मी आत गेले आणि लुगड्यांच्या घड्या घालून ट्रंकेत ठेवायला लागले. तुम्ही वळणावर थांबला होतात, खिडकीतून तुमची पाठ दिसत होती. तुम्ही परत येऊन एकदा नुसतं "चल" म्हणाला असतात, तर मी आले असते. तुम्ही आला नाहीत ते बरं झालं. पण मी आले असते, अण्णा.