तीन दिवसांचे पाणी

८ फेब्रुवारी, शनिवार

२ तारखेच्या नोंदीत चूक आहे. तिथे मी लिहिले आहे, 'काजलने वजन बसावे म्हणून स्वतःहून पाणी सोडले. मी तिला तसे करू नको म्हटले होते.' हे खरे नाही. मी सांगितले म्हणून तिने पाणी सोडले. एक दिवस नाही, तीन दिवस. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. 'ओठ ओले करण्यापुरते' हे माझे शब्द. 'नको' मी एकदाही म्हटले नव्हते.

ती नोंद खोडत नाही. बाबा वनरक्षक होते. क्वार्टर जंगलात, शाळा लांब, म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच घरी शिकवले. अक्षरे मी त्यांच्या गस्तीच्या दैनंदिनीत पाहून गिरवली. लिहिलेले खोडायचे नाही, चुकले तर आजच्या तारखेला दुरुस्ती लिहायची, हे तिथलेच. दुरुस्ती लिहायला मला सहा दिवस लागले.

शिवाय क्लास चालवणाऱ्या सरांनी स्पर्धेच्या आयोजकांसाठी माझ्याकडून जो अहवाल लिहून घेतला, तो याच नोंदीवरून उतरवला आहे. म्हणजे खोटे दोन ठिकाणी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज आठवडा झाला. क्रमाने लिहून ठेवते, पुन्हा सोयीचे आठवू लागण्याआधी.

किकबॉक्सिंगची जिल्हा स्पर्धा, चंद्रपूर. मुलींचा ४२ किलोखालचा गट. काजल अकरावीत, मी शिकवते त्या क्लासला येऊन जेमतेम सात महिने, पहिलीच स्पर्धा. बुधवारी वजन ४३ किलो ९००. वरच्या गटात खेळवता आले असते. सर म्हणाले, "वरच्या गटात मार खाईन पोट्टी. पाहा काई जमते का." मी जमवले. पाणी बंद. दुपारी स्वेटर, त्यावर रेनकोट, आणि क्लास भरतो त्या भातगिरणीच्या आवारात फेऱ्या. रविवारी सकाळी काट्यावर ४१ किलो ८००. मी टाळी वाजवली.

पहिली फेरी तिने घेतली. दुसरीत मध्येच खाली बसली. पडली नाही, बसली. दोन्ही मांड्या धरून.

"ताई, पाय लाकडाचे झाले."

मला वाटले पायात गोळा आला. म्हटले, ऊठ, एकच मिनिट राहिले. उठली. मग पडली.

'ऊठ' म्हटल्याचेही २ तारखेला लिहिलेले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चंद्रपूरला हॉस्पिटलात जाऊन आले. काल दुसरे डायलिसिस झाले. लघवी चहासारखी काळी होत होती, ती आता उतरते आहे. डॉक्टरांनी समजावले : स्नायू फुटले, त्याची घाण रक्तात गेली, मूत्रपिंडे तुंबली. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. पूर्ण आजार नाही, वाहक.

काजलच्या आईने लगेच पिशवीतून सिकलसेल तपासणीचे पिवळे कार्ड काढले. "हे हाये नं साहेब. पन आमाले तर सांगितलं होतं का लाल कार्डवाल्याले त्रास होते, पिवळ्यावाल्याले काई होत नाई. फक्त लग्नाच्या वक्ती पोराचं कार्ड पाहा लागते."

डॉक्टर म्हणाले, रोजच्या जगण्यात ते बरोबरच आहे. तहानलेल्या अंगाने जीव तोडून पळाले तर नाही. मग विचारले, "पाणी किती दिवस बंद होतं?"

आई म्हणाली, "एक दिवस मनते."

काजल माझ्याकडे पाहत होती. आवाज बसलेला. "हो, एकच. मीच नाई पेली. ताईनं तर मना केलं होतं."

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शब्द माझ्याच अहवालातले होते. काल सर भेटून गेले होते, म्हणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कार्डाविषयी. काल आईने ते काढले तेव्हा मी पहिल्यांदा पाहते आहे असा चेहरा केला. जुलैमध्ये पाहिले होते.

प्रवेशाचा फॉर्म भरताना 'काही आजार' असा रकाना आला. काजलने वहीच्या प्लास्टिकमधून कार्ड काढले. "ताई, हे लिवू का?" माझ्या शाळेत एकेका वर्गात चार-पाच मुलींजवळ पिवळे कार्ड असायचे. पळायच्या, कबड्डी खेळायच्या, धानाच्या रोवणीला जायच्या. मी म्हटले, "पिवळंच नं? मग काही नाही." आणि 'नाही' लिहिले. फॉर्म माझ्या अक्षरात आहे, खाली सही तिची.

तिने विचारले होते. विचारायचे कारण तिला कळले होते, मला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काजलला सुट्टी मिळाली. तपासणीला पुन्हा सोमवारी २४ ला बोलावले आहे. वर्षभर पळणे नाही. किकबॉक्सिंगचे विचारूच नका, असे डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी क्लास. गिरणीचे जुने गोदाम तसेच, कोपऱ्यात कोंड्याचा ढीग, वर टांगलेले कोंड्याने ठासलेले पोते. त्याला मुली कोंडबा म्हणतात. क्लासमधल्या सानियाच्या अब्बांनी, ते इथले टेलर, त्याला दुहेरी शिलाई मारून दिली, तरी प्रत्येक लाथेला भुसा उडतो.

तीन नव्या मुली आल्या. त्यांना नेहमीचे सांगितले. डावा पाय पुढे, टाच हलकी. हनुवटी खाली, मुठी गालाशी. मारताना श्वास सोडा, कोंडू नका. पहिले दोन महिने कमरेच्या वर लाथ नको, कंबर मोकळी झाल्याशिवाय मांडीची शीर ओढली जाते. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण आराम, तोही सरावच आहे. दुखणे आणि थकणे यातला फरक ओळखा. दुखले की थांबा, कोणी काही म्हणो.

कोणी काही म्हणो. हे मी म्हणत होते.

भिंतीवर 'नवशिक्यांसाठी सूचना' हा कागद आहे. माझ्याच अक्षरात, सगळ्यांनी फोनवर फोटो काढून घेतलेला. एका नव्या मुलीने वाचत वाचत विचारले, "ताई, नऊ नंबरचं कधीपासून करायचं?" नऊ : 'स्पर्धेआधी वजन जास्त असल्यास पाणी कमी करावे.'

सानिया मधेच बोलली, "तुले काय करायचं हाये व, तू तर वाऱ्यानं उडून जाशीन. मी पाहा, पानी पिऊन पिऊनच पन्नासची झाली." सगळ्या हसल्या. मी कागद भिंतीवरून काढून घेतला. 'नऊ नंबर चूक आहे, फोटोही पुसून टाका,' म्हटले. का चूक, ते विचारल्यावर म्हटले, "नंतर सांगते." सानियाचे हसणे थांबले. ती चंद्रपूरला होती. तिला माहीत आहे.

दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला लावले. एक मुलगी म्हणाली तहान नाही. मी तिच्यावर ओरडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

काजलच्या गावी. ऑटोने. ती ओसरीत खाटेवर. न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते, परत येताना मध्ये एकदा बसते. मांड्या बारीक झाल्या आहेत. लाथ मारताना ज्या मांडीवर मी थाप देऊन 'हिच्यावर भर दे' म्हणायची, ती.

आईने चहा केला. माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमी होत्या मनून पोरगी वाचली. गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, सरायनं सांगितलं." मग तिकडे वळून, "अन् हिले पाहा! ताईनं मना केलं तरी आयकलं नाई. तोंडानं हो हो, अन् मनात भलतंच. अशी पोरगी घरी ठेवून काय करू? उद्या अजून काई करीन."

काजल गोधडीचा धागा ओढत होती.

ठरले असे : शाळा बंद. शिवरात्र झाली की आरमोरीला, मामाकडे. मामी आजारी असते, घरात हात लागेल. बारावीचे पुढे पाहू. 'पुढे पाहू' म्हणजे काय ते मला आणि काजलला दोघींना कळते.

मी म्हटले, शाळा कशाला बंद करता. आई म्हणाली, "जे पोरगी सांगितलेलं आयकत नाई तिले शाळेत कोन सांगन?"

याला माझ्याजवळ उत्तर होते. ते एका वाक्याचे होते. चहा संपवला.

निघताना आईने पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची पिशवी दिली. नको म्हणवेना. बाबांनी रात्रीच्या भातासोबत भाजी केली. मला जेवण गेले नाही, बाबांना वाटले तिखट झाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना सांगितले. अहवाल दुरुस्त करायचा आहे, आणि काजलच्या आईला खरे सांगायचे आहे.

सर कोंडबा शिवत होते. सुई तशीच हातात. "फॉर्मवर 'नाही' लिहिलं हाये. पोरगी स्वतः मनते एक दिवस. डॉक्टरनं लिवून घेतलं. आता तुले काऊन खाज सुटली व?"

म्हटले, तिला घरी बसवून राहिले, माझ्यामुळे.

"अन् तू सांगितलं तर? गिरणीवाला उद्या गोदामाले कुलूप ठोकीन. या अठरा पोट्ट्या घरी जाऊन भांडे घासतीन. सानियाच्या बापानं किती मुश्किलीनं पाठवलं, तुले माहीत हाये. चालते तुले?"

नाही चालत. तेही खरे आहे. सर वाईट नाहीत. हॉस्पिटलात पहिल्या दोन दिवसांत तेच बाकावर बसून होते, मी नाही. शेवटी म्हणाले, "मी बी 'पाहा काई जमते का' मनलं होतं, ते विसरलो नाई मी." आणि पुन्हा शिवू लागले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना सगळे सांगितले. जुलैपासून. अंगणात तूर झोडत होते. ऐकताना काठी थांबली नाही, फक्त हळू झाली.

मला वाटले होते, रागावतील. माझी ही जी सवय आहे, स्वल्पविरामासाठीसुद्धा झोप न लागण्याची, ती त्यांनीच लावली.

म्हणाले, "पोरगी जित्ती हाये नं?"

"हो."

"मंग राहू दे, माय."

म्हटले, बाबा, तुम्हीच तर...

"मी तीस वर्सं लिवलो. सगळं खरंच लिवलो असं नाई. ताप होता त्या दिवशी घरी निजून 'बीटात गस्त फिरलो, निरंक' असं लिवलो हावो. कोनी वाचलं नाई. खरं लिवलेलं बी कोनी वाचलं नाई." काठी खाली ठेवली. "लोकं तुले मारतीन. क्लास जाईन. काजलचे पाय काई परत येनार नाई. मले म्हाताऱ्याले तूच हायेस."

नंतर आत जाऊन पडून राहिले. मी उरलेली तूर झोडली. मला त्यांच्यावर राग येत नाही, हे सगळ्यात वाईट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी काजलचा फोन, आईच्या मोबाईलवरून, आई विहिरीवर गेली असताना.

"ताई, तुमी सांगनार हाये मनते सर. नका सांगू."

विचारले, का?

"सांगितलं त क्लास बंद होईन. मंग मी बरी झाल्यावर कुठी येऊ?"

तिला वर्षभराच्या बंदीचे सांगितलेले नाही. की सांगितले आहे आणि तिने ऐकलेले नाही.

म्हटले, काजल, तुला आरमोरीला पाठवून राहिले, शाळा सुटून राहिली. म्हणाली, "ते जाऊ द्या. तिथी मी सकाळी सकाळी पायाचा व्यायाम करीन, तुमी सांगितला तो. भिंतीले पाठ लावून बसाचा. किती मोजाचं ताई?"

मी म्हटले, आता काही करू नको. डॉक्टर सांगतील ते.

"डॉक्टरले काय मालूम. तुमी सांगा नं."

आणखी कोणी माझ्यावर इतका विश्वास ठेवू नये. फोन ठेवल्यावर आठवले : डॉक्टरांच्या कागदावर अजून 'एक दिवस' आहे. त्याच्यावरून ते ठरवणार, केव्हापासून चालायचे, किती, कोणते औषध बंद करायचे. आईची शिक्षा, क्लास, बाबा, अहवाल, हे सगळे मी आठवडाभर तोलत बसले. हा एक आकडा तोलायचा नव्हताच. तो चुकीचा आहे आणि मी तो ऐकून घेतला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्या बाजूंनी पाहिले. कुठल्याच बाजूने चांगले होत नाही. सांगितले तर काजलची शाळा वाचेलच असे नाही. कदाचित आई म्हणेल, अशा जागी पाठवले म्हणूनच झाले, आता तर मुळीच नाही. गावातले मुलींना पाठवायचे थांबतील. सानिया थांबेल. काजल माझ्याशी बोलणार नाही. बाबा दोन दिवसांपासून बोलत नाहीत, जेवण वाढतात तेवढे. नाही सांगितले तर यातले काहीच होणार नाही आणि ती आरमोरीला जाईल, 'सांगितलेले ऐकत नाही' हे नाव घेऊन.

काय सांगायचे ते कागदावर काढले. पाणी तीन दिवस बंद. रोज दुपारी रेनकोट घालून पळणे. बसली तेव्हा मी उठवले. कार्ड मला जुलैपासून माहीत. हे सगळे मी करायला लावले, तिने ऐकले. पाच वाक्ये. मोठ्याने वाचून पाहिली. चौथ्यापाशी अडले. पुन्हा वाचली. पुन्हा तिथेच.

आईला एकटीला गाठून आधी सांगावे असे वाटत होते. नको. मग ते घरातच मिटेल आणि डॉक्टरांसमोर पुन्हा एकच दिवस होईल. दोघांसमोर एकदमच.

संध्याकाळी काजलच्या आईला फोन केला. तपासणीला मीही येते म्हटले. नागभीडहून सकाळी सातची बस, अकराला डॉक्टर.

"या नं ताई, या. तुमी सोबत असल्या का मले धीर येते. मले तर डॉक्टरसंग बोलता बी येत नाई. तुमीच सांगजा सगळं."

म्हटले, सांगते.

परवा. सोमवार, २४ फेब्रुवारी.