मराठीचा रकाना

अप्पा,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही. काल तुमचं तेरावं झालं. मी रडले नाही, हे सगळ्या भावकीनं पाहिलं. लिहितेय ते तुमच्या इंग्रजी क्रियापदांच्या वहीमुळे. तुमच्या लेकानं, अण्णानं, ती माझ्यापुढे टाकली. "गुलबर्ग्याला छापायला द्यायलोय. तुझं अक्षर बरं हाय, तेवढं मराठी उतरून दे." त्याची सारी शाळा उर्दूत झाली, मराठी लिहिताना अडखळतो.

वही उघडली ती नेमकी 'कीप'वर! इंग्रजी, उर्दू, कन्नड, मराठी, असे चार रकाने. पहिले तीन तुमचे, मास्तर होतात तुम्ही. मराठी आईची, तिचं माहेर उदगीरचं, आणि माझी. मी शेरडं घेऊन परतले की ओट्यावरून विचारायचात, "गौरे, जित्राबावर ध्यान ठिवायचं, त्याला काय म्हंतेत?"

"राखायचं म्हंतेत की."

"आन दिलेला शब्द?"

"पाळायचा."

"आन पुढच्या सालचं बियाणं?"

"जपायचं, अप्पा."

तुम्ही मान खाली घालून लिहून घ्यायचात. एकदा मी धीर करून म्हणाले, "मला बी अक्षरं शिकवा की."

"कामून? शेरडं इंग्रजीत वरडायलेत व्हय?"

सगळा ओटा हसला. सगळ्यात मोठ्यानं तुम्ही.

अक्षरं मला निर्ण्याला सासरी नणंदेनं शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. म्हणून आज वाचता आलं. 'कीप'च्या मुळासाठी तुम्ही अर्धं पान खर्ची घातलंय. फार जुना शब्द, आधी अर्थ नजर ठेवणं, मग सांभाळणं, आणि त्याचं कूळ साहेबांनाही सापडत नाही म्हणे. सातासमुद्रापलीकडच्या शब्दाचं कूळ शोधत बसलात! आणि राखणं, पाळणं, जपणं तुम्हाला कुणी दिलं, त्याची एक ओळ नाही? पहिल्या पानावर काय, तर 'सर्व अर्थ स्वतः जमवले'. खोटं कामून लिहिलंत, अप्पा? विचारताना लाज वाटली नाही, मग नाव लिहिताना कशी वाटली?

अण्णाला म्हटलं, आईचं नि माझं नाव घाल. तर म्हणतो, "अप्पा गेले की आता. कशाला उकरायलीस?"

मी राग सोडलेला नाही, सोडणारही नाही. एवढं मात्र कबूल करते, की तुमची वही चुलीत घालणार नाही. एकेक अर्थ नीट उतरून काढीन, वर 'अर्थ सांगणाऱ्या: काशीबाई आणि गौरा' असं लिहीन आणि मगच पानं अण्णाला देईन. त्यानं नावं खोडली, तर पानं परत घेईन. तुमचं पुस्तक मग तीनच भाषांत निघेल.

गौरा
(शेरडंवाली)