उरक गं, भाकरी गार होतेय

चांदणओल ताईस धाकटीचा वाकून नमस्कार. तुझ्या झाडाला पालवी फुटली असेल, मेव्हण्यांचा धनुष्याचा खांदा बरा असेल आणि खाऱ्या वाऱ्याने तुझ्या कानांची टोकं सोलत नसतील, असं धरून चालते. सोलत असतील तर लोणी लाव. (अक्षराला हसू नकोस. शाळेत मी जेमतेम तीस वर्षं काढली, तुझ्यासारखी दोनशे नाहीत.)

कळवायचं कारण, आमच्या पिल्लूला नाव मिळालं. शंभरी उलटली, अंगाने घोडी झाली, तरी नाव नव्हतं म्हणून आपली पिल्लूच. तर तिला रीतीप्रमाणे बर्चच्या झाडाखाली उभं केलं. तिथे पहिलं जे कुणाच्या तोंडून निघेल तेच नाव, आणि ते मरेपर्यंत. आपल्या एल्फांत कुणी लवकर मरत नाही, ही आणखी कटकट. म्हणून सगळे ओठ शिवून बसतात आणि पोरगी मनात जुळवलेलं नाव स्वतःच बोलते. पिल्लूने ‘निळीपहाट’ जुळवलं होतं म्हणे. मला आधी सांगितलं असतं तर मीच ओरडून मोकळी झाले असते.

तर बाईसाहेब डोळे मिटून उभ्या. सकाळ गेली, दुपार गेली. नाव पुकारणाऱ्या आजोबांच्या कानावर कोळ्याने जाळं विणायला घेतलं. पिल्लूचा होणारा नवरा, तो हार्प वाजवणारा मंदझरा, उभ्या उभ्या घोरायला लागला. इकडे माझी चेस्टनटची भाकरी दुरडीत निवत चाललेली. गार झाली की ती भाकरी राहत नाही, ढलपी होते, तुला ठाऊक आहे. शेवटी मी म्हटलं, “उरक गं, भाकरी गार होतेय.”

एवढंच. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

आजोबांनी डोळे उघडले, काठी आपटली आणि तेच नाव म्हणून पुकारलं, अख्खं, सुरात. मी म्हटलं, आजोबा, ऐकलंच नाही असं म्हणा की. तर म्हणतात, “सूनबाई, बर्चने ऐकलं त्याचं काय करू?” पिल्लू रडली नाही, भांडली नाही, सरळ आमच्या घरामागच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली. अजून खाली नाही. भाकरी बांधून वर पाठवते, ती माझ्याच डोक्यात परत येते. भाकरीचं एक सोड, पण पोर बोलत नाही ते झोंबतं. आणि लग्नात नवऱ्याने नवरीचं नाव गायचं असतं, म्हणून मंदझरा ओढ्याकाठी चाल शोधत बसलाय. ‘भाकरी’पर्यंत येतो आणि त्याला भूक लागते.

आता उपाय एकच. आईकडच्या रक्ताच्या बाईने राजीखुशीने आपलं नाव द्यायचं आणि बदल्यात दुसरीचं घ्यायचं. मी लगेच दिलं असतं, पण माझं नाव घेणार कोण? माझ्या वेळी बर्चखाली तू किंचाळलीस, ते विसरली नसशील. मी सहाशे वर्षं ते मिरवते आहे, कधी एका शब्दाने बोलले नाही. (दर हिवाळ्यात बोलते ते सोड.) तेव्हा ये आणि पोरीला नाव दे. समुद्राकाठी तुला हाक मारणारं आहे तरी कोण?

मेव्हण्यांना नमस्कार. त्यांना म्हणावं खांद्याला शेक द्या, गाणी नकोत.

तुझी,
अगबाईगांधीलमाशी

ता.क. पत्र बांधतच होते, तेवढ्यात मंदझऱ्याला चाल सापडली. झाडाखाली उभा राहून त्याने सगळं नाव गायलं. पिल्लू उतरली, माझ्याशेजारी बसली, ती ढलपी कुरतडत म्हणाली, “आई, असू दे. या नावात तू आहेस.” मी म्हटलं, नाटकं पुरे, लोणी घे. (चुलीचा धूर फार होता, डोळे चुरचुरत होते.)

ता.क. आणखी एक. म्हणून तू येणं रद्द करू नकोस. नाव द्यायची मनाची तयारी केलीच असशील, ती वाया कशाला घालवायची? मला दे. मीही रक्ताचीच आहे. माझं तू घे, समुद्रावर गांधीलमाश्या नसतात, कुणी दचकणार नाही.