आधीच टाइप केलेली ओळ

३ मार्च, मंगळवार

सात साक्षीदार एका दिवसात! टाइप करून करून बोटं दुखून आली.

मामांच्या खुनाचा खटला. मामा म्हणजे कोर्टातल्या वकिलांचे म्हातारे कारकून. राहत्या इमारतीच्या जिन्यात भर दुपारी कोणीतरी त्यांच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. त्या दिवशी नळ दुरुस्तीला आलेला प्लंबर आरोपी आहे. मामा सगळ्यांचे लाडके, म्हणून याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असा वकिलांनी ठरावच केलाय. न्यायाधीश साहेबांनी आपणहून आरोपीसाठी तीन वकील नेमले. एकाची पाठ धरली, एकाच्या सासूबाई अत्यवस्थ झाल्या, तिसऱ्याने कारण द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. आरोपी पिंजऱ्यात एकटाच.

मग उलटतपासणी घेणार कोण? साक्ष चालू असतानाच शेवटी ‘उलटतपासणी नाही’ ही ओळ मी टाकून ठेवतो. वेळ वाचतो. उगाच नाही मला ऑफिसात ‘मशीन’ म्हणत!

४ मार्च

आज शिवणकाम करणाऱ्या काकूंची साक्ष. मामांच्या समोरच्याच दारात राहतात. एकट्या त्यांनीच आरोपीला जिन्यावरून पळताना पाहिलं. बाकी सगळे ऐकीव.

साक्ष संपली. मी छापायला दिली, साहेबांनी पुढची फाइल ओढली. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज — “काकू, मी पळत होतो तेव्हा माझ्या डोळ्यावर चष्मा होता का?”

काकू ठसक्यात म्हणाल्या, “नव्हता! चांगलं तोंड पाहिलंय मी तुझं.”

लोक हसले. शिरस्तेदार ओरडले, “ए, खाली बस.” कागद आला, काकूंनी सही केली, साहेबांनी केली. पाच वाजता घरी.

६ मार्च

आज आरोपीला व्हरांड्यातून नेत होते. त्याने पुसायला चष्मा काढला आणि समोरची पायरी त्याला दिसली नाही. सपशेल पालथा! बेड्या घातलेले हात पुढे करून जमीन चाचपत होता. शिपायाने चष्मा उचलून नाकावर ठेवला तेव्हा कुठे उठला.

तो बिनचष्म्याचा जिना उतरून पळणार?

मी जागेवर आलो, काकूंची साक्ष काढली. शेवटची ओळ — उलटतपासणी नाही. मीच टाइप केलेली. प्रश्न नाही, उत्तर नाही. वरच्या कोर्टात गेला तरी हाच कागद जाणार. या माणसाने अख्ख्या खटल्यात एकच प्रश्न विचारला आणि तो मी बुडवला.

घरी आलो. कुलूप काढलं, दिवा लावला, तसाच बसून राहिलो. कोणाशी बोलू?

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. सांगून टाकलं. ती म्हणाली, “बाबा, दीड महिना राहिलाय तुमच्या निवृत्तीला. कशाला हात घालताय? आणि तुम्हाला काय माहीत, त्यानेच मारलं असेल तर?”

असेलही. मी कुठे म्हणतोय नसेल म्हणून!

लेकीची आई जाऊन चार वर्षं झाली. ही असती तर भाजी निवडता निवडता एका वाक्यात निकाल लावला असता. आज फारच आठवण आली.

९ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांना प्रश्नही आठवत नाही, उत्तरही नाही. सही करत होते ना! बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

“निवृत्तीला किती दिवस?”

“बावन्न.”

“मग?”

ओळ आधीच टाइप केली, प्रश्न राहून गेला, असं कबूल करणारा खिशातला अर्ज काढून टेबलावर ठेवला.

१० मार्च

अर्जाची बातमी फुटली. चहावाला आला. सगळ्यांच्या टेबलावर पेले ठेवले, माझं टेबल सोडून. शिरस्तेदारांनीच सांगितलं असणार. तीस वर्षं शेजारी बसलोय आम्ही. डबा फाइलींच्या खोलीत खाल्ला.

१८ मार्च

साहेब माणूस सरळ निघाला. परगावहून एक वकीलबाई नेमल्या, काकूंना पुन्हा बोलावलं. वकीलबाईंना वकिलांच्या बार रूममध्ये कोणी खुर्ची दिली नाही. जिन्याखालच्या बाकावर फाइल वाचत होत्या. मी जरा लांबच बसलो. दोघांनाही बरं वाटलं असावं.

२ एप्रिल

काकू आल्या. वकीलबाईंनी तोच प्रश्न विचारला. काकू खाली बघून म्हणाल्या, “होता चष्मा.”

“त्या दिवशी तुम्ही ‘नव्हता’ असं म्हणालात ना?”

“मी असं बोललेच नाही.”

हसलेले सगळे आज छताकडे बघत होते. ऐकणारा मी एकटाच उरलो. वकीलबाईंनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून मी कधी बोललेलो नाही.

२१ एप्रिल

झाली साक्ष. माझ्या खुर्चीत नवी टायपिस्ट बसली होती. ऐकलं ते सांगितलं, शब्दन् शब्द.

मग सरकारी वकील उठले. गोड आवाजात म्हणाले, “एकतीस वर्षांत तुमची एकही चूक निघाली नाही. मशीन म्हणतात तुम्हाला! आणि नेमकी हीच ओळ तुम्ही आधी टाइप केलीत? पहिल्यांदाच?”

‘हो’ म्हटलं असतं तर तिथेच सुटलो असतो. घशापर्यंत आलंही होतं.

“पहिल्यांदा नाही,” मी म्हणालो. “ज्याला वकील नसायचा, त्याच्या खटल्यात नेहमीच.”

“असे किती?”

“मोजले नाहीत.”

नव्या टायपिस्टची बोटं थांबली. साहेब म्हणाले, “घ्या ते. जसंच्या तसं घ्या.”

२४ एप्रिल

फाटकापाशी एक म्हातारी उभी होती. पेपरात वाचून दोन बस बदलून आली म्हणे. मुलगा अकरा वर्षं तुरुंगात आहे, त्यालाही याच कोर्टात वकील मिळाला नव्हता. “दर भेटीला सांगतो, आई, मी विचारलं होतं गं. आम्हाला वाटायचं, उगाच म्हणतोय.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “काय विचारलं होतं हो त्याने?”

मला आठवत नाही.