जळगाव लागत नाही

सोमवार, ६ जानेवारी

जळगाव लागलं नाही! दिवस मावळताना रेडिओ लावला, अंधार पडेपर्यंत काटा तिथेच धरून बसलो. नुसती घरघर. थंडीच्या दिवसांत या वेळेला जळगाव आकाशवाणी इथे सुरतेत अशी येते की निवेदिकेने कागद उलटलेला कळतो. समुद्रापलीकडून उर्दू, अरबी येतं, तेही नाही. इथलं एफएम मात्र खणखणीत. ते काय, कोणालाही ऐकू येईल. मला दूरचं ऐकू यायला हवं.

मंगळवार, ७ जानेवारी

आजही नाही. सेल नवे घातले. मग अमळनेरला वाल्मिक मामांना फोन केला — जळगाव बंद आहे का?

"चालू शे ना भो! कांदावर बोली राह्यनात. तुले कांदा लावना शेत का सुरतमा?"

म्हणजे स्टेशन चालू. रेडिओही ठीक. मग राहिलो मीच.

बुधवार, ८ जानेवारी

कोणाला सांगता येत नाही, इथे लिहून टाकतो. मी आबांसारखा बहिरा होतोय.

आबा आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होते. त्यांचे आधी बारीक आवाज गेले. नळ टपकतोय ते कळेना, मग दारावरची थाप, मग आम्ही. आता समोर उभं राहून ओरडायचं, ते ओठ बघून समजून घेतात. खात्यात माणूस बहिरा झालेला ओळखूच येत नाही! तिथे शंभर लूमच्या खडखडाटात सगळेच ओठांनी आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला — सगळ्याच्या खुणा. आबांचे कान गेले हे त्यांच्या जोडीदारांनाही कळलं नव्हतं. आबांनाही नाही.

नववीतून शाळा सोडली तेव्हापासून मीही तिथेच. म्हणून हा रेडिओ. लोकांना वाटतं, नाद आहे. नाद आहेच, पण रोज दूरचं, बारीक स्टेशन लावून बघतो — अजून येतंय ना? येतंय. मग जेवायला बसतो.

आता रेडिओ बंद केला तरी ती घरघर कानात राहते.

गुरुवार, ९ जानेवारी

माय म्हणाली, "कानमा बोटं कसाले घालस रे सारखा?" खाजतात म्हणालो.

रविवार, १२ जानेवारी

उधन्याला कान तपासायचं शिबिर आहे, फुकट. पुढच्या रविवारी. घरी खोटं सांगितलं — आबांना दाखवून आणतो.

वर्षा म्हणाली, "आज आठवलं होय रे भाऊ? तुझं मिसरूड फुटायच्या आधीपासून आबांना ऐकू येत नाही!"

आबा हसले. तिचे ओठ बघत होते.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. खातं बंद. सगळी सुरत गच्चीवर, स्पीकरचा दणका. वर्षाने तीन पतंग कापले आणि गल्लीभर मिरवली. रेडिओ लावलाच नाही. भीती वाटली.

बुधवार, १५ जानेवारी

लागलं!! जळगाव लागलं!

आज वासी उत्तरायण, आजही सुट्टी. उजाडायच्या आत जाग आली, सहज बटण फिरवलं. आधी सनई, मग बाई बोलल्या. स्वच्छ. मग काटा थोडा सरकवला तर अरबी माणूस! एक अक्षर कळत नव्हतं, तरी पाचेक मिनिटं ऐकत बसलो. डोळे भरून आले. मायने विचारलं, "काय व्हयनं?" म्हटलं, थंडी.

गुरुवार, १६ जानेवारी

संध्याकाळी पुन्हा घरघर. पण आज पायाखाली फरशी थरथरताना जाणवली. खाली विकासभाईंनी या महिन्यात एम्ब्रॉयडरीचं नवं मशीन बसवलंय. सणाला कारागीर नव्हते, म्हणून दोन दिवस ते बंद होतं!

रेडिओ तसाच चालू घेऊन जिना उतरलो. एकेक पायरी खाली, तशी घरघर वाढते. मशीनपाशी तर रेडिओ किंचाळायलाच लागला.

विकासभाई म्हणाले, "शुं थयुं? यहाँ रेडियो रिपेर नहीं होता."

म्हटलं, एक मिनिट मशीन बंद करा ना.

त्यांनी केलं. आणि जळगाव! बातम्या चालल्या होत्या. मी त्यांना मिठीच मारली.

"अरे छोड! गांडो छे के? पागल है क्या?" म्हणाले. मग चहा मागवला. खरं तर मीच पाजायला हवा होता!

शनिवार, १८ जानेवारी

शिबिराला आता जायची गरज नाही. पण आबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला टांगलाय. पानवाल्यालाही सांगून आलेत — मुलगा कान दाखवायला नेतोय. आता नाही कसं म्हणू?

रविवार, १९ जानेवारी

गेलो. आबांच्या आधी मीच बसलो. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. इतकी बारीक शिट्टी, की श्वास रोखून ऐकली. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, दोन्ही कान चांगले आहेत, पण खात्यात बोळे घालत जा. घालणार! उद्यापासूनच.

आबांचं बोट बराच वेळ मांडीवरच होतं. ताईंनी कानाचं माप घेतलं, ऐकायचं मशीन मिळेल म्हणाल्या. बाहेर येऊन मी दोन प्लेट लोचो खाल्ला. आठवडाभर नीट जेवलोच नव्हतो. आबांनी आपल्यातलाही अर्धा माझ्या प्लेटीत सरकवला.

रविवार, २ फेब्रुवारी

आबांच्या कानाला मशीन लागलं. मी मोरीत होतो, आतून टॉवेल मागितला.

आबा दचकले. वर्षाला म्हणाले, "घरमा कोनी पाव्हना येल शे का?"

"ललित आहे, आबा."

"ललितना आवाज असा जाडा नई शे."