मॅनेजरनं बाहेर थांबावं

जैनथ,
२० एप्रिल १९९३

प्रिय चंपत,

सप्रेम जय भीम. रविवारी सभेत तुझ्या पगाराचा ठराव रखडला एवढंच ऐकून तू परस्पर आदिलाबादला निघून गेलास. तुझ्यासाठी केलेली वांग्याची भाजी दोन दिवस मी एकटीनं खाल्ली, आणि तिखट तुझ्या जिभेचं घातलेलं, तेव्हा रागवायचा हक्क आता माझाही आहे. तू आपल्या सोसायटीच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचा मॅनेजर, आणि एकच शेअर असला तरी मी तिची भागधारक. पण हे पत्र तुझ्या ताईचं आहे.

बंद दाराआड काय झालं ते ऐक. अध्यक्ष अमृतरावांनी तुझा पगार दुप्पट करायचं मांडलं. कारण काय, तर शेजारच्या जिनिंगच्या मॅनेजरला तेवढा मिळतो आणि यंदा नफा भरघोस झाला. लोक खूश होते. नागोराव म्हणाला, "देऊन टाका ना बाप्पा, नाही तं हिंगणघाटवाले घेऊन जातीन त्याले." तुझी तिथली नोकरीची बोलणी गावभर झाली आहेत. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्याला कडेवर घेऊन मी कापूस वेचायला जायची, त्याची एवढी किंमत.

मग मागून एका बाईनं विचारलं, शेजारच्यांनी पगार कशावरून ठरवला? तर आपल्याकडे बघून, आपल्याहून वरचढ. म्हणजे ते आपल्याकडे बघणार, आपण त्यांच्याकडे, आणि तुझ्या कामाकडे कोणीच नाही. नफ्याचंही तेच. कापसाचा भाव सगळीकडेच चढला, तो काही तू चढवला नाहीस. उद्या पडला तर हेच लोक तुझा पगार कापायला उठतील, आणि तेव्हाही दोष तुझा नसेल. तू केलंस ते वेगळंच. गाड्या आता ताटकळत नाहीत, आल्या दिवशी माप होतं. ओला कापूस वेगळा निघतो. जिनवरच्या बायांना मजुरीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. यातलं काहीच सभेत निघालं नव्हतं.

ती बाई मीच, चंपत. ठरावाविरुद्ध पहिला हातही माझाच. शेजारी बसलेल्या भागीरथाबाईनं विचारलं, "काऊन मास्तरीणबाई, सख्ख्या भावाचाच पगार अडवून राह्यल्या?" माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. अमृतरावांच्या सांगण्यावरून तू बाहेर गेला होतास आणि कडुनिंबाखाली हात मागे बांधून उभा होतास. आपले बाबा वर्षाच्या बोलीवर सालदार होते तेव्हा दर पाडव्याला पाटलाच्या ओट्याखाली असेच उभे राहायचे. वर्षाची ज्वारी किती, जोडे कसले, सगळं आत ठरायचं, मग त्यांना हाक यायची. कधी चांगलंही मिळायचं. तरी त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. तुझं सालही तसंच ठरत होतं, फक्त आकडा मोठा होता, आणि ते मला बघवलं नाही. मी मागितलं ते एवढंच की मॅनेजरनं आत बसून आपलं काम सांगावं, लोकांनी विचारावं, मग पगार ठरावा. ते मान्य झालं आहे. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. पगार कमीही ठरेल, सांगता येत नाही. त्यानंतर हिंगणघाटला जायचं असेल तर जा, शिदोरी मी बांधून देईन. पण आधी ये. शाळेतली एक खुर्ची मागून आणली आहे, ती आत ठेवते.

तुझीच,
मनकर्णाताई