एबीमध्ये सगळंच असतं

दर्यापूर,
११ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. अमरावतीच्या रस्त्याला इतके खड्डे पडलेत की जीपमधल्या सवाऱ्या मलाच शिव्या घालतात. परवा आईने अंबाडीची भाजी केली, तुझं नाव काढलं आणि स्वतः जेवलीच नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून गफ्फारभाईंच्या गाडीने हे पत्र पाठवतो.

त्या दिवशी फोनवर किती हौसेने वाचून दाखवलं होतंस! जीवशास्त्राच्या जर्नलच्या पहिल्या पानावर मॅडमनी दिलेली उद्दिष्टं. 'विद्यार्थी आईवडिलांच्या व स्वतःच्या रक्तगटावरून आनुवंशिकतेचा नियम पडताळून पाहील.' मी म्हटलं, "हा अभ्यास हाय का पोलीस चौकशी?" तू हसलीस. आईचा ए, हे तिच्या ऑपरेशनपासून घरात माहीतच होतं. तुझा दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासणार होते. "बाबा, तुमचा सांगा नं लवकर."

मी एबी सांगितला.

माझा ओ आहे, बेटा. लायसनवर छापलेला आहे. पण मला धास्ती बसली. तुझा कोणता निघेल कोण जाणे! मनात म्हटलं, एबीमध्ये सगळंच असतं, काहीही निघालं तरी खपून जाईल. शहाणपण नको तिथे चालवलं.

तुझा ओ निघाला. मॅडम वर्गात बोलून गेल्या, एबी बापाला ओ मूल होत नाही. पोरं हसली. तू फोन केलास, "बाबा, असं काहून?" आणि मी रेंज नसल्याचं सोंग करून फोन कापला. मग तू आईला विचारलंस. अकोल्याच्या संस्थेतून तुला दत्तक घेऊन घरी आणलं, हे तिने रडत रडत सांगून टाकलं.

गफ्फारभाईंची उज्मा फार्मसीला आहे. तिला सगळं सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "चाचा, खरं सांगतलं असतं तं जुळलंच असतं! ए आन् ओच्या घरी ओ होऊ शकते."

म्हणजे खोटं बोलून मीच तुला परकं ठरवलं. दहावी होऊ दे, मग सांगू, असं आम्ही म्हणत होतो. मग म्हटलं बारावी होऊ दे. तुला जवळ बसवून जे आम्ही सांगायचं, त्याची शंका तुला भर वर्गात आली. याची मला फार लाज वाटते, पोरी.

जर्नलमध्ये काय लिहायचं ते तू ठरव. माझा खरा गट सांगायला मी मॅडमकडे येईन, नको म्हणालीस तर येणार नाही.

रविवारी दुपारी होस्टेलच्या फाटकाशी जीप लावतो. माझ्या बाजूच्या सीटवर सवारी घेणार नाही. तू नाही आलीस तर ती तशीच रिकामी दर्यापूरला आणीन. आईला काय सांगायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

तुझा
बाबा

(हा शब्द खोडायचा असेल तर तूच खोड. माझ्याने होत नाही.)